शेजाऱ्यांसाठी ख्रिस्ती कीर्तन कसे उभे राहते

ख्रिस्ती कीर्तनाची, म्हणजे कीर्तनाच्या घाटात येशूची कथा सांगण्याच्या कार्यक्रमाची, तारीख ठरवायला बसताना पंचांग जवळ लागते. नाताळ डिसेंबरात, आणि बहुतेक वर्षी मार्गशीर्षही त्याच सुमारास. शेजारच्या बऱ्याच घरांत गुरुवारचे महालक्ष्मीचे व्रत असते. संध्याकाळचा नैवेद्य झाल्याशिवाय घरची बाई बाहेर पडत नाही. पिंपरी-भोसरीकडच्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी, म्हणून तरुण संघातले कोणीतरी दर वर्षी गुरुवार सुचवतेच आणि दर वर्षी तो खोडावा लागतो. चंपाषष्ठी पाहायची, दत्तजयंती पाहायची. सवाई गंधर्वचे दिवस तर टाळायचेच, कारण ज्यांना गाण्याचा कान आहे ती मंडळी तेव्हा मुकुंदनगरला बसलेली असतात. एवढे वजा करून दोन-तीन शनिवार हाती उरतात. त्यांतला नाताळच्या आठ-दहा दिवस आधीचा घ्यावा. नाताळच्या अगदी तोंडावर घेतला तर आपल्याच घरांत करंज्यांचा घाणा चालू असतो आणि महिला मंडळ फिरकत नाही.

पुण्यातल्या मराठी मंडळ्यांनी, म्हणजे एकेका चर्चच्या समूहांनी, आपली श्रद्धा शेजाऱ्यांपर्यंत न्यायचे बरेच मार्ग वापरून पाहिले आहेत. लक्ष्मी रस्त्यावर वाटलेली पत्रके पुढच्या चौकातल्या कचराकुंडीत सापडतात. नाताळगीतांची कॅरल फेरी सोसायट्यांत जाते: बारा-पंधरा जण, चार गाणी, वीस मिनिटे, मुलांना सांताक्लॉजकडून चॉकलेट. मजा येते, पण त्यातून घरात पोचते ती लाल टोपी. ईस्टरची पहाटेची प्रभातफेरी मंडळीच्या स्वतःच्या आनंदासाठी असते आणि तशीच असावी. साडेचारला झोपमोड झालेल्या शेजाऱ्याला पुनरुत्थानाची गोडी लागत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज वचने टाकणे म्हणजे ग्रुपवरून बाहेर जाण्याची खात्रीची वाट.

कीर्तनाचे तसे नाही. कसे ऐकायचे ते इथल्या माणसाला आधीच येते. पालुपद कधी उचलायचे, टाळी कुठे द्यायची, विनोदावर किती हसायचे हे कोणी शिकवावे लागत नाही. अनोळखी देवळात जसा माणूस अवघडतो तसा तो कीर्तनात अवघडत नाही. तरीसुद्धा कीर्तनाची संध्याकाळ म्हणजे सगळ्या कामाचा लहानसा भाग. खरे काम गणपतीच्या आधीच सुरू होते आणि फेब्रुवारीअखेर संपते. बहुतेक मंडळ्या पैसा, माणसे आणि प्रार्थना त्या एका रात्रीवर लावून मोकळ्या होतात. जानेवारीत ज्याच्या मनात काही प्रश्न उठला त्याला विचारायला कोणी सापडत नाही, आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा तेच मांडव, तेच साउंडवाले.

ही परंपरा काही नव्याने काढलेली नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत मांडली. अहमदनगरकडे कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, भजने आणि पदे लिहिली, ती आजही 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून रविवारी गायली जातात. म्हणजे साहित्याला तोटा नाही. तोटा आहे तो कीर्तनकारांचा. नगर, जालना, छत्रपती संभाजीनगर भागातून कीर्तनकार बोलवायचे तर डिसेंबरच्या तारखा ऑगस्टातच संपलेल्या असतात, म्हणून पहिला फोन गणपतीच्या आधी. मंडळीतलाच कोणी तयार होत असेल तर त्याला दोन वर्षे द्यावीत. घाईने उभा केलेला कीर्तनकार म्हणजे मध्ये-मध्ये गाणी म्हणणारा उपदेशक. आणि हे पुणे आहे. सदाशिव पेठेत नारद मंदिरात कीर्तनाचे शिक्षण मिळते. समोर बसलेल्या आजींनी हयातभर नारदीय कीर्तने ऐकलेली असतात. कच्चे कीर्तन त्या पहिल्या दहा मिनिटांत ओळखतात आणि पिशवीतली माळ काढून बसतात.

रचना नेहमीचीच. नमन, मग पूर्वरंग, मध्यंतराचे भजन, उत्तररंग आणि शेवट. एकूण दीड तास, त्यापुढे जायचे नाही. नमन पाच मिनिटे. पूर्वरंगात एक अभंग घेऊन त्याचे निरूपण, पंचवीस-तीस मिनिटे. भजन दहा मिनिटे, उत्तररंगातले आख्यान चाळीस, आणि शेवटी प्रार्थना व आशीर्वाद पाच. बिघडते ते पूर्वरंगात. कीर्तनकाराला वाटते, एवढे लोक पुन्हा मिळणार नाहीत, म्हणून तो बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून शेवटच्यापर्यंत, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, सगळे तिथेच भरतो. तासभर पूर्वरंगच चालतो. आख्यान सुरू होईपर्यंत लहान मुले झोपलेली, आया चुळबुळत. म्हणून पूर्वरंगासाठी एकच चरण निवडायचा आणि तबलजीला घड्याळ द्यायचे. तीस मिनिटे झाली की त्याने भजनी ठेका धरायचा. कीर्तनकार थोडा चिडतो, पण ठेका सुरू झाला की त्याच्या हातातले टाळ आपोआप हलतात.

आख्यान लूककृत शुभवर्तमानातून, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकातून, निवडावे. त्यातल्या कथांना आरंभ, पेच आणि उलगडा असतो. उधळ्या मुलाची कथा (वाटणी घेऊन गेलेला धाकटा सगळे उधळून घरी परततो) पुण्यात दर खेपेला रंगते, कारण बाप जिवंत असताना वाटणी मागणे म्हणजे काय हे इथे फोड करून सांगावे लागत नाही. 'सातबारा' एवढे म्हटले की बायकांच्या बाजूने हुंकार येतो. डुकरांच्या शेंगा, बापाचे धावणे, मिठी, हे सगळे गाण्यात छान बसते. पण खरा प्राण शेवटी, अंगणात उभ्या राहिलेल्या थोरल्या भावात. नियमाने वागलेला, घाम गाळलेला, आणि आत मेजवानी चाललेली ऐकून उंबऱ्याबाहेर अडलेला. हा भाग घाईत उरकणारे कीर्तनकार अर्धी कथा वाया घालवतात. श्रोत्यांतली बहुतेक माणसे थोरल्याच्याच जागी बसलेली असतात. जकातदार जक्कय चालतो, योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरची शोमरोनी स्त्रीही चालते. नाताळचे कीर्तन म्हणून जन्मकथाच घ्यायची असेल तर फक्त मेंढपाळ धरावेत. देवदूत, मागी (पूर्वेकडचे ज्ञानी), हेरोद राजा, गोठा, सगळे एकत्र आणले की गर्दी होते आणि कोणाचेच दुःख श्रोत्याला लागत नाही. पौलाच्या पत्रांतला सिद्धान्त आख्यानात उभा राहत नाही. तो पुढच्या बैठकांसाठी ठेवावा.

गाण्याची पट्टी हा वादाचा विषय. कीर्तनकार पुरुष असेल तर काळी एक ते काळी दोन, स्त्री असेल तर काळी चारच्या आसपास, हे त्यांचे सोयीचे. पण लोकांनी उचलायचे पालुपद मध्य सप्तकातल्या पंचमापर्यंतच थांबेल अशी चाल निवडावी. तारषड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला, गेलेले पालुपद कीर्तनकार एकटाच गातो. पेटीवाला, तबलजी आणि दोन टाळकरी पुरेत. गिटार, की-बोर्ड, ड्रम सगळे आणायचा तरुणांचा आग्रह असतो. त्यांना कॅरल फेरी द्यावी. तालमी निदान चार, त्यांतली शेवटची प्रत्यक्ष जागेवर. उपासना संगीतातली जुनी पदे मंडळीला पाठ असतात, शेजाऱ्यांना नाहीत. म्हणून पालुपदांची एक पानाची छापील प्रत मोठ्या टायपात प्रत्येक खुर्चीवर ठेवावी. चष्मा घरी विसरलेल्यांसाठी सोळा पॉइंटच्या खाली जाऊ नये.

आमंत्रणपत्रिकेवर 'ख्रिस्ती कीर्तन' असे पहिल्याच ओळीत, ठळक छापावे. फक्त 'कीर्तन महोत्सव' असे छापून लोक बोलवायचे आणि आत येशूची कथा सुरू करायची, हा प्रकार काही ठिकाणी होतो. त्याने माणसे फसवल्यासारखी होतात, आणि ती पुढची दहा वर्षे दारातूनच परत पाठवतात. कीर्तनाचा घाट आपलाही आहे, सांगळ्यांच्या काळापासूनचा आहे. तो लपूनछपून घ्यायची गरज नाही. त्याचप्रमाणे दुसऱ्यांच्या गजराचे शब्द बदलून वापरणे, दुसऱ्यांच्या देवांवर कोटी करणे, हे कीर्तनकाराला आधीच लेखी कळवून बंद करावे. टाळ्यांसाठी केलेली एक कोटी सगळ्या गल्लीला पुरते.

उत्तररंगाआधी तीन मिनिटांची एक साक्ष, म्हणजे मंडळीतल्या कोणाचा तरी श्रद्धेचा अनुभव, ठेवतो. एकच. दोन ठेवल्या की चढाओढ होते. साक्ष देणाऱ्याने ती लिहून काढायची: मराठीत मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द होतात, म्हणजे पावणेचारशे शब्द, एक पान. मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांनी ती आधी वाचायची. तीन ठिकाणी लाल पेन चालते. पूर्वीच्या धर्माबद्दल किंवा घरच्यांबद्दल वाईट शब्द असेल तर तो जातो. 'प्रार्थनेने कॅन्सर बरा झाला, तुमचाही होईल' अशा अर्थाचे काही असेल तर तेही जाते. चमत्काराने रोग बरे करण्याच्या जाहिरातीला १९५४चा औषधे व जादुई उपाय कायदा लागतो आणि महाराष्ट्रात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी समोर कोणाच्या घरात आजारी माणूस आहे आपल्याला ठाऊक नसते. आणि तिसरे, चर्चमधली ठरीव वाक्ये. 'प्रभूने मला स्पर्श केला, मी तारणात आलो' हे मंडळीला कळते, पलीकडच्या फ्लॅटमधल्या काकूंना नाही. काय घडले ते सांगावे. दारू सुटली तर सुटली म्हणावे. नोकरी अजून मिळालेली नसेल तर तेही म्हणावे. अजून न सुटलेली एखादी अडचण सांगितली की साक्ष खरी वाटते.

पत्रिका हातोहात द्यायच्या, पोस्टाने किंवा दाराच्या फटीतून नाही. प्रत्येक कुटुंबाने दोनच घरे निवडायची, ज्यांच्याकडे वर्षभर जाणे-येणे आहे अशी. दिवाळीचा फराळ ज्यांच्याकडून आला त्यांनाच नाताळचे बोलावणे, हा सोपा हिशेब. पाळक (मंडळीचे धर्मगुरू) मंडळीच्या सभेत सांगतात तेव्हा सगळे हात वर करतात. यादी मागितली की हात खाली येतात. म्हणून नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी यादी कागदावर घ्यावी आणि चाळीस घरांच्या मंडळीला ऐंशी पत्रिका मोजून द्याव्यात. ढिगाने छापल्या की कपाटात राहतात. खुर्च्या मांडताना बोलावलेल्यांपैकी तीनांत एक येईल असे धरावे आणि मागे वीस खुर्च्या घडी करून ठेवाव्यात. रिकाम्या खुर्च्यांसमोर कीर्तन रंगत नाही.

परवानगीचा अर्ज स्थानिक पोलीस ठाण्यात पंधरा दिवस आधी द्यावा: कार्यक्रमाचा प्रकार, वेळ, अंदाजे संख्या, ध्वनिक्षेपक, जबाबदार दोघांची नावे. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी आणि ती त्या रात्री खिशात ठेवावी, चर्चच्या कपाटात नाही. सोसायटीच्या जागेत असेल तर कमिटीचे ना-हरकत पत्र वेगळे. आपले स्वतःचे आवार असले तरी ध्वनिक्षेपकाची परवानगी लागते, हे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या बऱ्याच पंचांना पटत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. शिवाय जुनी चर्चे बहुधा मिशनच्या शाळेला नाहीतर दवाखान्याला लागून. तिथे शंभर मीटरचे शांतता क्षेत्र येते. अशा ठिकाणी उघड्यावर भोंग्याचा विचार सोडावा आणि सभागृहात, आतल्या आत, लहान बॉक्स लावावेत.

दगडी चर्चमध्ये मात्र वेगळीच अडचण. उंच छत, उघड्या भिंती; रिकाम्या जागेत तालीम घेतली तर प्रत्येक शब्दाला शेपूट फुटते. साउंडवाला आवाज वाढवतो आणि घुमणे आणखी वाढते. उपाय उलटा आहे. बॉक्स लोकांच्या जवळ, कमी उंचीवर, चार लहान. मागच्या भिंतीवर जाड सतरंज्या किंवा पडदे. माणसे भरली की आवाज थोडा सुधारतो. कीर्तनकार चालत बोलतो, म्हणून त्याला कॉलरचा माइक. स्टँडचा दिला तर तो जागेवर खिळतो.

चपलांचा प्रश्न लहान वाटतो. बाहेरून येणारे लोक दारातच चपला काढतात, आणि आपली मंडळी बूट घालून पहिल्या रांगेत बसलेली. पाहुणा गोंधळतो, पुन्हा बाहेर जाऊन चपला घालून येतो, कोणीतरी हसते. त्या दिवशी सगळ्यांनीच चपला काढाव्यात आणि दारात दोन मुले टोकन देऊन उभी करावीत. पुढे सतरंजी मुलांसाठी, मग खुर्च्या. गुडघे धरलेल्यांसाठी कडेच्या खुर्च्या राखाव्यात. मंडळीच्या लोकांनी घोळक्याने बसायचे नाही. ज्याने ज्याला बोलावले त्याने त्याच्याच शेजारी बसायचे. दानाची थैली त्या संध्याकाळी फिरवायची नाही. कितीही सवय असली तरी नाही.

नंतर चहा. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या चहावरून पुण्यात केवढे ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, माजले होते, लोकमान्य टिळक आणि रानडे यांची नावे त्यात आली होती. आज निदान चहापुरता तरी प्रश्न मिटला आहे. खाण्यापुरता नाही. मार्गशीर्षात बरीच घरे सामिष बंद ठेवतात, म्हणून केक बिनअंड्याचाच आणावा, रमविना, आणि ताटापुढे तशी चिठ्ठी लावावी. करंजी, चिवडा, शंकरपाळ्या मंडळीतल्या घरांतूनच येऊ द्याव्यात. विकतच्या पाकिटापेक्षा घरच्या करंजीवर बोलणे सुरू होते. दीडशे कपांना सात लिटर दूध, सहा लिटर पाणी, साडेतीनशे ग्रॅम चहा पावडर आणि दीड किलो साखर लागते. बिनसाखरेचा एक थर्मास वेगळा, नाहीतर मधुमेहवाले गप्प बसून निघून जातात.

बाहेरच्या टेबलावर पुस्तके. मार्कचे सुटे शुभवर्तमान, मराठी नवा करार, अभंगांची पुस्तिका. हातात कोंबायची नाहीत. नाममात्र किंमत ठेवावी. दहा रुपये देऊन नेलेले पुस्तक निदान उघडले जाते. टेबलामागे बोलघेवडा माणूस नको, पुस्तके माहीत असलेली कॉलेजची मुलगी बरी. एक वही असते: नाव, फोन, आणि 'मार्कचे शुभवर्तमान एकत्र वाचायला आवडेल का' पुढे हो-नाही. ज्याने काही लिहिले नाही त्याला मागाहून फोन करायचा नाही.

हो म्हणणाऱ्यांना मात्र बुधवारच्या आत फोन गेला पाहिजे, आणि तो पाळकांचा नको. ज्याने बोलावले त्यानेच करायचा. पाळकांचा फोन आला की माणूस सावध होतो.

बैठका जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतात. मार्कमध्ये सोळा अध्याय. आठवड्याला दोन, म्हणजे आठ बैठका. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा लागते, त्या घरांची दारे बंद होतात, म्हणून जानेवारी सोडू नये. जागा चर्चची नाही, कोणाच्या तरी घरची. कोथरूडच्या लोकांना वडगाव शेरीला बोलावण्यात अर्थ नाही. माणसे आठ ते दहा आणि त्यांत मंडळीची निम्म्यापेक्षा जास्त नकोत. वेळ पाऊण ते सव्वा तास: चहा, बारा मिनिटे वाचन, पुढे बोलणे, शेवटी दोन मिनिटांची प्रार्थना, तीही नको असेल त्याने नुसते बसावे. नऊला उठायचे म्हणजे उठायचे, सकाळी पाण्याची वेळ असते, मुलांची शाळा असते. वाचायला सोप्या मराठीतले भाषांतर घ्यावे. पंडिता रमाबाईंनी केडगावला साध्या मराठीत बायबल आणण्यासाठी शेवटची वर्षे खर्ची घातली ती उगाच नाही.

नियम दोनच. वाचन आळीपाळीने मोठ्याने, आणि मंडळीच्या माणसाने पहिल्यांदा उत्तर द्यायचे नाही. दुसरा नियम पाळणे फार अवघड. पाहुण्याने प्रश्न विचारला की आपल्यातले तिघे एकदम तोंड उघडतात. चालकाने प्रश्न परत पाहुण्यांकडेच टाकावा: 'वाचताना तुम्हाला काय वाटले?' दुसऱ्या अध्यायात चौघे मित्र छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला खाली सोडतात, तिथे गप्पा सहज सुरू होतात. तिसऱ्यात येशूच्या घरचेच त्याला वेड लागले म्हणतात, हे ऐकून नवखे थबकतात. आपण हे कधी उपदेशात सांगत नाही. पाचव्या अध्यायाची आधी तयारी हवी. कबरस्तानातला माणूस आणि दोन हजार डुकरे आली की बैठक भूतबाधा आणि गावाकडच्या मांत्रिकावर घसरते आणि तिथेच संपते. त्या माणसाला शेवटी 'घरी जा' म्हटले आहे, त्या ओळीवर बोट ठेवून परत आणावे. सातवा अध्याय पुण्यात सर्वांत जास्त बोलका. हात धुणे, भांडी घासणे, काय विटाळते आणि काय नाही. सोवळे-ओवळे पाहिलेल्या पिढीला यावर बोलायला कोणी शिकवावे लागत नाही. सोळाव्यात एक अडचण येते: सर्वांत जुन्या हस्तलिखितांत पुस्तक आठव्या वचनाशीच थांबते, बायका घाबरून पळाल्या एवढ्यावर. तळटीप सगळ्यांना दिसतेच. ती आपणहून दाखवावी.

प्रश्न दर वर्षी साधारण तेच. 'आमच्या देवघरात येशूचा फोटो आहे, मग आणखी काय करायचे?' यावर घाईने वाद घालू नये. फोटो कुठून आला ते विचारावे, बहुधा त्यामागे एखादी नर्स किंवा शाळेतल्या सिस्टर असतात, आणि तिथून बोलणे पुढे जाते. पण येशू स्वतःबद्दल काय म्हणतो ते आठव्या अध्यायात आले की झाकायचेही नाही. 'एका माणसामागे तुम्हाला किती पैसे मिळतात?' हा येतोच. मंडळीचा वार्षिक हिशेब छापील असतो, तो समोर ठेवावा. 'मंगळसूत्र, कुंकू सोडावे लागते का?' याला मंडळीगणिक उत्तर वेगळे; मराठी ख्रिस्ती घरांत मंगळसूत्र सर्रास दिसते. आपल्या मंडळीत काय आहे तेवढे सांगावे.

मदतीचे काम यात मिसळायचे नाही. ब्लँकेट वाटप, शाळेची फी, दवाखान्याचा खर्च हे वर्षभर चालू असेल तर त्याची माणसे वेगळी, दिवस वेगळे, आणि त्या पिशवीत पत्रक नाही. राज्यघटनेच्या कलम २५ने धर्माचा प्रचार करण्याचा हक्क दिला आहे, पण दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टेनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले. तांदळाच्या पिशवीशी जोडलेली श्रद्धा पिशवी संपेपर्यंतच टिकते, हा अनुभव तर कोणत्याही जुन्या पंचाला विचारावा. लहान मुलांना उन्हाळी बायबल शाळेत घ्यायचे तर आई-वडिलांची सही असलेला फॉर्म, अपवाद नाही.

आठ बैठकांनंतर बहुतेक लोक आपापल्या घरी जातात. त्यांना ईस्टरचे बोलावणे एकदा द्यावे, पाठपुरावा थांबवावा. कोणी बाप्तिस्मा मागितला तर लगेच तारीख द्यायची नाही. शिक्षणाचा काळ मंडळीगणिक सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत असतो. कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) तो बहुधा ईस्टरच्या जागरणविधीशी येऊन थांबतो. वय अठरा पूर्ण हवे. अर्ज त्याच्याच हस्ताक्षरात हवा. घरच्यांना त्याने स्वतः सांगितलेले असावे, आणि शक्य असेल तर पाळकांनी एकदा त्यांच्याकडे जाऊन चहा घ्यावा. नंतर कळले की राग मंडळीवर निघतो आणि तो अगदीच चुकीचा नसतो.

एक गोष्ट बाप्तिस्म्याच्या शिक्षणाच्या पहिल्याच वर्गात, शब्द न चावता सांगायची. अनुसूचित जातीचा दाखला १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच लागू होतो. ख्रिस्ती झाल्यावर त्या सवलती राहत नाहीत. शीख १९५६ साली आणि बौद्ध १९९० साली त्यात आले, ख्रिस्ती आलेले नाहीत. अनुसूचित जमातीचे तसे नाही, तिथे धर्माची अट नाही. कोणाची नोकरी, कोणाच्या मुलीचा मेडिकलचा प्रवेश त्या दाखल्यावर उभा असतो. हे बाप्तिस्म्यानंतर कळलेली माणसे मंडळीत असतात, आणि त्यांना ते कोणी सांगितले नव्हते. वाटले तर समाजकल्याण खात्याचा माहितगार किंवा ओळखीचा वकील त्या वर्गाला बोलवावा आणि घरी जाऊन विचार करायला महिना द्यावा. महिन्यानंतर तो माणूस पुन्हा आला तर दुसरा वर्ग.